मुग्धाच्या मुलाखतीआधी लॅपटॉप काळा पडला

मंडळी, सकाळपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितोय.

आज अकरा वाजता माझ्या बायकोची, मुग्धाची, आम्ही राहतो त्या गुडगावच्याच एका कंपनीत व्हिडिओवर मुलाखत होती. चार वर्षांच्या खंडानंतरची पहिली. तिच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज काढून लिनक्स मीच टाकलंय, आणि काल हौसेने अपडेटही मीच केलं.

पावणेअकराला तिने लॅपटॉप उघडला, तर स्क्रीन काळी! त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर काम चालतं. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवर चित्र आणणारा प्रोग्राम, अपडेटनंतर बिघडला होता.

"दोन मिनिटं दे," मी म्हणालो. दहा गेली. मी नुसत्या अक्षरांच्या स्क्रीनवर कमांड मारतोय आणि ती शेजारी उभी, घड्याळाकडे बघत.

"राहू दे यार," म्हणत तिने फोन पाण्याच्या बाटलीला टेकवला आणि खोलीचं दार लावून घेतलं.

मी बाहेर खटपट करत राहिलो. शेवटी लॅपटॉप सुरू होतानाच्या यादीतून अपडेटच्या आधीचं कर्नल, म्हणजे लिनक्सचा जुना गाभा, निवडलं आणि स्क्रीन लख्ख उजळली. हे आधी का सुचलं नाही?

अर्ध्या तासाने ती बाहेर आली. "लॅपटॉपमधलं प्रेझेंटेशन दाखवताच आलं नाही. नुसतीच बोलत राहिले."

"लॅपटॉप चालू झाला बघ," मी म्हणालो.

"अच्छा. पण मला लिनक्स हवंय का, हे तू कधी विचारलं होतंस?"

नव्हतं विचारलं. निकाल पुढच्या आठवड्यात आहे. ती शांत आहे, मीच घरभर येरझारा घालतोय.

खरं सांगा, घरच्यांच्या लॅपटॉपवर आपली आवड लादण्याआधी तुम्ही त्यांना विचारता का?