भामाबाई पाहुण्या झाल्या

भामाबाई मूळच्या पिशोरच्या. लग्न होऊन संभाजीनगरला आल्या आणि उस्मानपुऱ्यात दोन खोल्यांत संसार मांडला. नवरा ऐन उमेदीत गेला. मग पदर खोचून त्या स्टेशन रोडवरच्या एका हॉटेलच्या लाँड्रीत कामाला लागल्या, त्या पार केस पांढरे होईपर्यंत. अजिंठा-वेरूळ बघायला देशोदेशीची माणसं त्या हॉटेलात उतरायची. त्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, सगळं भामाबाईंच्या हाताखालून जायचं. पाहुणे मात्र त्यांनी फारसे पाहिले नव्हते. लाँड्री तळघरात होती आणि जायचा-यायचा दरवाजा मागच्या बाजूला.

त्या पगारावर लेक शिकली. सुकेशनी नर्स झाली, शहरातल्या एका दवाखान्यात लागली आणि तिनं आधी आईचं काम सोडवलं. मग एक दिवस म्हणाली, "आई, आपण थायलंडला जाऊ. क्राबीला. समुद्रपण बघशील आणि बुद्धाचा देशपण."

"मला काय करायचं माय समुद्राचं?" भामाबाई म्हणाल्या खऱ्या, पण त्या रात्री त्यांना झोप आली नाही.

जायच्या आधी महिनाभर सुकेशनीचा तास चालायचा. भाकरी थापता थापता भामाबाई ऐकायच्या. पासपोर्टच्या झेरॉक्स दोन्ही बॅगांत वेगवेगळ्या ठेवायच्या. नळाचं पाणी प्यायचं नाही. जेवण सांगताना मासे, मटण चालत नसेल तर आधी सांगायचं, कारण तिथं भाजीतसुद्धा माशाचं पाणी घालतात. किनाऱ्यावर लाल झेंडा दिसला तर पाण्यात पाऊल टाकायचं नाही, मग पाणी कितीही शांत दिसो. साडी नेसून समुद्रात जायचं नाही, ओली झाली की पायांत गुंडाळते. विहारात खांदे झाकलेले हवेत, बसताना पाय मूर्तीकडे नकोत. आणि कुणाच्या लेकराच्या डोक्यावरून हात फिरवायचा नाही.

इथं भामाबाईंचा हात थांबला. "काऊन गं? लेकराच्या डोक्यावरून बी नाय?"

"तिथं डोकं पवित्र मानतात, आई."

"मग तर फिरवायलाच पायजे!"

सुकेशनी हसली. "तिथं नाही फिरवायचा. इथं परत आलीस की फिरव सगळ्या गल्लीतल्या लेकरांच्या."

मुंबईहून विमान, मग बँकॉकहून दुसरं विमान, असं करत मायलेकी क्राबीला पोचल्या. रिसॉर्टच्या खोलीला गॅलरी होती आणि गॅलरीतून समुद्र. भामाबाईंनी कठडा धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग हळूच म्हणाल्या, "याला पल्याडचा काठच नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकेशनी अंघोळीला गेली तेवढ्यात भामाबाईंनी खोली आवरली. चादर ताणून कोपरे दुमडले, उशा ठोकून बसवल्या, टॉवेल घडी घालून रचले, केरसुणी सापडेना म्हणून ओल्या फडक्यानं फरशी पुसली. थोड्या वेळानं साफसफाईची गाडी ढकलत एक बाई आली. चाळिशीची, ठेंगणी, हसऱ्या चेहऱ्याची. खोली बघितली आणि तिचा चेहराच उतरला. हात जोडून ती काहीतरी भराभर बोलायला लागली. सुकेशनीनं मोबाइल पुढं धरला, त्यानं तिचं बोलणं हिंदीत करून सांगितलं. बाई विचारत होती, काल माझं काही चुकलं का? चादर खराब होती का? साहेब मला विचारतील.

सुकेशनीनं मोबाइलवरूनच तिची समजूत घातली. ती गेल्यावर मात्र आईवर चिडली. "आई, तू इथं पाहुणी आहेस. पाहुण्यानं खोली आवरायची नसते. बिचारी घाबरली ना ती!"

भामाबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. दोन्ही हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, "मला ठावं नाय गं, पाहुणी म्हणून कसं बसायचं ते. कुणी बसवलंच नाय कवा."

लहानपणी आईच्या हातांना ब्लिचिंगचा वास यायचा आणि त्या वासाची आपल्याला मैत्रिणींसमोर लाज वाटायची, हे सुकेशनीला आठवलं. ती आईजवळ बसली, तिचे हात हातात घेतले आणि रडायला लागली.

"रडायला काय झालं? चल, समुद्रावर न्हे मला," भामाबाई म्हणाल्या.

त्या दिवशी पंजाबी ड्रेस घालून भामाबाई पहिल्यांदा पाण्यात उतरल्या. लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून न्यायची तेव्हा त्या "अगं बया!" म्हणत लेकीचा दंड घट्ट पकडायच्या, आणि पुढच्या लाटेला पुन्हा एक पाऊल पुढं टाकायच्या.

पुढच्या सकाळी त्यांनी ठरवून पलंगाला हात लावला नाही. हाताला चाळा नको म्हणून गॅलरीत जाऊन बसल्या, समुद्राकडं तोंड करून हात जोडले आणि रोजच्यासारखं त्रिशरण म्हणायला लागल्या. "बुद्धं सरणं गच्छामि..."

मागून कुणीतरी तीच ओळ उचलली. शब्द तेच, उच्चार निराळा. "फुत्थंग सरनंग खच्छामि..."

भामाबाईंनी वळून पाहिलं. दारात तीच बाई उभी होती, काखेत धुतलेली चादर आणि डोळे मिटलेले. भामाबाई थांबल्या नाहीत, तीही थांबली नाही. दोघी आपापल्या बोलीत शेवटपर्यंत म्हणत गेल्या. सुकेशनी आतून बघत होती. तिनं मोबाइल उचलला, पण फोटो न काढताच खाली ठेवला.

म्हणून झाल्यावर भामाबाईंनी छातीवर हात ठेवला. "भामा."

"मली," ती बाई म्हणाली.

मलीनं चादर उलगडली. भामाबाईंनी लेकीकडं पाहिलं, जणू परवानगीच मागत होत्या. सुकेशनी म्हणाली, "धर, आई. आता कुणी घाबरत नाही." मग चादरीची दोन टोकं एकीनं धरली, दोन दुसरीनं. झटका एकदम बसला, ताण एकदम आला, कोपरे एकाच वेळी दुमडले गेले. दोघींना हसू आलं. मलीनं मग टॉवेल पिळून, दुमडून त्याचा एक हत्ती केला आणि पलंगावर बसवला.

"आयुष्य गेलं टॉवेल घडी करण्यात," भामाबाई लेकीला म्हणाल्या, "पण त्याचा हत्ती होतो हे ठावं नव्हतं बघ." मलीनं तो मोडून पुन्हा करून दाखवला. भामाबाईंचा हत्ती पहिल्यांदा डुकरासारखा झाला.

त्यानंतर रोज सकाळी असंच व्हायचं. दुपारी मात्र भामाबाई किनाऱ्यावरच्या छत्रीखाली पाय पसरून शहाळं प्यायच्या. एकदा वेटरनं शहाळं आणून दिलं, तर उठायची धडपड न करता त्यांनी बसल्या जागीच हात जोडले. सुकेशनीनं ते पाहिलं आणि मुद्दाम दुसरीकडं बघितलं.

निघायच्या दिवशी मली फाटकापर्यंत आली. भामाबाईंनी पिशोरच्या भावजयीनं दिलेली शेंगदाण्याची चटणी तिच्या हातात दिली आणि तिखट आहे हे डोळे मोठे करून, तोंडानं हा-हा करून सांगितलं. मलीनं वाकून नमस्कार केला. भामाबाईंचा हात तिच्या डोक्याकडं निघाला, वाटेत थांबला आणि खांद्यावर टेकला. तेव्हा मलीनंच तो हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला.

आता गल्लीतली रत्नमाला नवऱ्याबरोबर फुकेतला निघाली आहे. परवा ती विचारायला आली. "काकू, काय काय ध्यानात ठेवायचं तिथं?"

भामाबाईंनी मेथी निवडायची थांबवली. लाल झेंड्याचं सांगितलं, झेरॉक्सचं सांगितलं, भर उन्हात किनाऱ्यावर नको, सकाळी लवकर नायतर संध्याकाळी जा म्हणाल्या. पाणी मागं हटलं म्हणून खडकांपर्यंत चालत जाऊ नको, ते परत कवा येतं ते आधी तिथल्या माणसाला विचार, असंही बजावलं.

"अजून?"

"अजून काय," भामाबाई पुन्हा मेथी निवडायला लागल्या. "सकाळी खोली झाडायला बाई येईल. तिला आधी नाव विचार. आन आपलं सांग."