चौथा नियम

आमच्या नाशिकच्या कॉलनीतल्या एका निवृत्त साहेबांनी, घरी अर्धांगाचा पेशंट सांभाळणाऱ्यांसाठी इंटरनेटवर गट काढला होता. घरोघरी नुकते कॉम्प्युटर आले होते तेव्हाची गोष्ट. आमचे हे अंथरुणाला खिळलेले, म्हणून मीही त्यात. माणूस तसा वाईट नाही हो. कुणाला वॉटरबेड हवा असला तर दहा ठिकाणी फोन लावायचा. पण नवा सभासद आला की आधी शाल-नारळाचं चित्र पाठवून सत्कार, आणि मागोमाग अकरा नियम. त्यातला चौथा, रडगाणं गायचं नाही. मग आम्ही लिहायचं काय, लोणच्याची कृती?

एकदा चांदवडच्या एका बाईनं लिहिलं, "लय थकले. यांना टाकून कुठंतरी निघून जावं वाटतं." साहेबांनी ते तासाभरात पुसलं. मी त्यांना फाटकाशीच गाठलं.

"भाऊ, का पुसलंत?"

"वहिनी, वातावरण बिघडतं. आता कुणाला दिसायचं नाही."

गटावर लिहिलेलं आधीच प्रत्येकाच्या मेलमध्ये जाऊन पडतं, हे गट चालवणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं. मी बाईला उत्तर लिहून पत्ता मागितला. रविवारी लेकीला ह्यांच्याजवळ बसवलं आणि एसटीनं चांदवड गाठलं. निघताना तिच्या शेजारणीनं आमचा फोटो काढला, तो मी गटावर टाकला.

साहेबांनी खाली लिहिलं, "पाहा हे हसरे चेहरे! चौथ्या नियमाचा विजय."

त्या फोटोआधी आम्ही दोघी तिच्या ओट्यावर बसून तासभर पोटभर रडलो होतो.