गळा चोळायचा नसतो

आधीच सांगते, मी काही गरीब गाय नाही. माहेरी असल्यापासून सगळे मला तिखट म्हणायचे. तरी लग्नाच्या अकरा वर्षांत मी नवऱ्यावर कधी हात उचलला नव्हता. तो उचलायचा. भाजीत मीठ कमी पडलं तरी, बैलांना पाणी उशिरा पाजलं तरी, आणि कधीकधी उगीचच. गावात कुणाला त्याचं काही वाटत नसे. खरं सांगायचं तर मलाही सवय झाली होती, आणि आता संताप येतो तो त्या सवयीचाच.

त्या हिवाळ्यात कापूस वेचता वेचता मला सर्दी-खोकला झाला. दोन-तीन दिवस सणकून ताप आला, मग उतरला. घरात सगळ्यांनाच येऊन गेला होता, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. तीनेक आठवड्यांनी गळ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं. कळ थेट कानात जायची. आवंढा गिळला की डोळ्यांत पाणी. काही टेकलेलं सहन होईना म्हणून मंगळसूत्र काढून खुंटीला लावलं, तर त्यावरून घरात वेगळाच तमाशा झाला.

छाती धडधडायची, हात थरथरायचे, भर थंडीत घाम फुटायचा. दोन्ही वेळा पोटभर जेवूनही मी वाळत चालले होते. आणि राग! अरे बाप्पा, काय तो राग! भाकर करपली म्हणून तापलेला तवा अंगणात भिरकावला. शेजारीण "तब्येत कशी हाये" म्हणून विचारायला आली, तर तिच्या अंगावर धावून गेले. एके दिवशी माझ्या नऊ वर्षांच्या पोरीनं वहीवर चहा सांडला. मी तिच्या कानशिलात अशी ठेवून दिली की ती भिंतीवर जाऊन आदळली. ओठ फुटला. ती रडली नाही. बापापुढं जशी गुमान उभी राहते, तशीच माझ्यापुढं उभी राहिली. ते मला अजूनही सहन होत नाही.

माझ्या सासूबाई गळा उतरवण्यात हुशार. कुणाचा घसा सुजला की लोक त्यांच्याकडं येतात. त्या कोमट तेलात अंगठा बुडवून गळा वरून खाली रगडतात, आणि माणूस हलू नये म्हणून घरचं कुणीतरी त्याला मागून धरून ठेवतं. मी बरेच दिवस टाळलं. शेवटी एका सकाळी नवऱ्यानं मला ओसरीत बसवलं आणि मागून दोन्ही दंड आवळले.

"हालू नको," सासूबाई म्हणाल्या. "आत्ता उतरते."

अंगठा नेमका सुजेवर बसला आणि माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली.

"सोडा वो माय! सोडा!" मी ओरडले.

"धरून ठेव रे," त्या लेकाला म्हणाल्या.

तो हसला. हसला आणि आणखी आवळलं. मी मान वळवून त्याच्या मनगटाला चावले, तोंडात रक्त येईपर्यंत. पकड सुटली. शेजारी पाण्यानं भरलेला पितळी तांब्या होता, तो उचलून मी त्याच्या कपाळावर हाणला. एकदा नाही, तीनदा. भुवई फुटली, रक्त दाढीवरून सदऱ्यावर आलं. तो खाली बसला तरी मी लाथ घातली. सासूबाईंनी कमरेला मिठी मारली तेव्हा कुठं थांबले. खोटं कायले बोलू, मला बरं वाटलं होतं.

दुपारी कपाळाला पट्टी बांधून नवऱ्यानं निकाल दिला. "हिच्या डोक्यावर परिणाम झाला. नेऊन घाला हिले माहेरी. पोट्टी इथंच राहीन."

पोरीचं नाव काढताच माझं सगळं बळ गेलं. मी त्याचे पाय धरले. पोर दाराआडून बघत होती. मी हाक मारली, पण ती बाहेर आली नाही.

भाऊ पांढरकवड्याहून मोटरसायकलनं न्यायला आला. त्यानं माझ्या कपाळाला हात लावला, बोटांची थरथर पाहिली. "माहेर मंग, ताई," तो म्हणाला. "आधी यवतमाळ."

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गळ्याला नुसती दोन बोटं टेकवली तरी मी किंचाळले. त्यांनी रक्त तपासलं. म्हणाल्या, विषाणूचा सर्दी-ताप येऊन गेल्यावर कधीकधी गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला सूज येते. ग्रंथीत साठलेलं सगळं हार्मोन रक्तात सांडतं, म्हणून ही धडधड, थरथर, चिडचिड. काही महिन्यांत बसेल. त्यांनी सुजेच्या आणि धडधडीच्या गोळ्या दिल्या. गळा चोळल्याचं मी सांगितलं, तर एवढ्या जोरात ओरडल्या, "अहो, चोळायचा नसतो!" की बाहेर बसलेला भाऊ धावत आत आला.

भाऊ रिपोर्ट घेऊन मला परत सासरी सोडायला आला. त्या एका कागदानं सगळ्यांचे सूर बदलले. सासूबाई शेजारणीला सांगू लागल्या, "बिमारी होती वो, नाई तं आमची सून अशी नाई." नवराही मोठ्या मनानं म्हणाला, "जाऊ दे, बिमारी होती." सगळ्यांनी मला माफ केलं. त्याच्या हातामागं कोणती बिमारी आहे, हे अकरा वर्षांत कुणी तपासलं नव्हतं.

पोर मात्र जवळ येईना. वेणी घालायला हात वर केला की मान आत घ्यायची. मी तिला समोर बसवलं. "बिमारी होती," मी म्हटलं, "पण हात माहाच होता. चुकलं माहं. पुन्हा नाई उचलणार." मग मी रोज वेणी घालताना तेच म्हणत राहिले. कधी ती कंटाळून म्हणायची, "हो वो आई, समजलं." मधे काही आठवडे, ग्रंथी रिकामी पडल्यानं, माझं अंग जड झालं, सारखी झोप यायची, तेव्हाही म्हणायला चुकले नाही.

शेवटचा रिपोर्ट चांगला आला. त्यानंतर आठवडाभरात एका सकाळी जेवताना वरण पातळ झालं म्हणून नवऱ्यानं हात उगारला. मी त्याचं मनगट धरलं. मारलं नाही, नुसतं धरलं. त्यानं माझ्या गळ्याकडं पाहिलं.

"पुन्हा सुरू झालं का तुहं?"

"नाई. आता मी चांगली हाव."

"मंग जाय माहेरी. पोट्टी इथंच राहीन."

या वेळी मी पाय धरले नाहीत. पण पोरीचा ओठ मीच फोडला होता, ती काय म्हणेल याची मला खात्री नव्हती.

"तिलेच इचारा," मी म्हटलं.

त्यानं विचारलं नाही. तिनंच ताट बाजूला सारलं.

"मी आईसंगं राहीन," ती बापाला म्हणाली. "आईनं मले एकदा मारलं तं रोज माफी मांगे. तुमी एकदाबी नाई मांगली."