पाणबुडीवाले आबा

भाजे गावचे पाणबुडीवाले आबा कुणाच्याही घरी गेले, की बसण्याआधी फाटकाच्या वेल्डिंगवरून अंगठा फिरवायचे. जोड कच्चा असला तर तोंडावर सांगायचे. आमच्याकडे पहिल्यांदा आले, तेव्हा नमस्काराआधीच म्हणाले, "गुरुजी, ह्ये कुणी जोडलंय? त्याला परत बोलवा."

मुंबईच्या गोदीत त्यांनी सगळी नोकरी पाणबुड्या जोडण्यात घालवली. पाण्याखाली ते कधी गेले नव्हते, त्यांना पोहताही येत नव्हतं. पण जोडाविषयी बोलायला लागले, की आवाज आपोआप उतरायचा. "आत पोरं निजल्याली असत्यात, गुरुजी. आमचा जोड सुटला, तर त्यांना हाक मारायलाबी येळ गावायचा न्हाई."

उर्से गावचा बाळू हा त्यांचा गोदीतला जोडीदार. बांधकाम चालू असलेल्या पाणबुडीच्या पोटात गॅस कोंडला आणि तो तिथंच गेला. "पानी न बघताच मेला बाळू. अपघात म्हनले आन् मिटवलं," असं आबा कितीदा तरी सांगायचे. सांगून झालं की चहा तसाच ठेवून उठायचे.

लोणावळ्यात पाणबुडीचं स्मारक करायचं ठरलं, तेव्हा आबांनी एकच हट्ट धरला. परत न आलेल्या खलाशांच्या शेजारी बांधताना मेलेल्यांचीही नावं हवीत. गुडघे दुखत असताना ते जुन्या कामगारांच्या दारोदार फिरले, नावं गोळा करून आणली. अर्ज मी लिहिले. समितीचा सचिव मीच होतो.

शेवटच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "दगडावर जागा कमी आहे. पाहुण्यांची आणि समितीची नावं तर टाळता येत नाहीत. खलाशी, कामगार सगळ्यांना मिळून एक मानवंदना लिहू." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ठरावावर सही केली. भाज्याला जाऊन आबांना सांगण्याचं मात्र धाडस झालं नाही.

उद्घाटनाला आबा नवी टोपी घालून आले. सोबत बाळूची बायको, सखूबाई. भाषणं संपली, पाहुणे जेवायला गेले, तेव्हा ही दोघं दगडापाशी आली. आबांनी सगळा दगड वरपासून खालपर्यंत वाचला. मान वळवून मला शोधलं.

सखूबाईला वाचता येत नव्हतं. "भावजी, आमच्यांचं नाव कुटंय?" तिनं विचारलं.

आबांनी तिचं बोट धरलं आणि खालच्या ओळीत एका जागी टेकवलं. "हितं हाय बघ."

ती त्या अक्षरांवरून हात फिरवत राहिली, मग तिथंच डोकं टेकवून रडली. ते माझं नाव होतं.

त्यानंतर आबा माझ्याशी बोलले नाहीत. गेल्या वर्षी ते वारले. मी भाज्याला गेलो, पण मागंच उभा राहिलो.

सखूबाई अजून उर्स्याहून येते. खालच्या ओळीवर झेंडूचं फूल ठेवते. मी स्मारकासमोरच्या दुकानात असलो, तर ती जाईपर्यंत बाहेर पडत नाही.