ताईंची चौकशी

माझी मुलगी संध्याकाळी शिंपीणताईंकडे जाते. दुकानामागच्या खोलीत ताई मुलींना शिवण शिकवतात, अभ्यासाला बसवतात, त्यांची रडगाणी ऐकतात. एखादी आली नाही की दुकान बंद करून तिच्या घरी जायचं, हा त्यांचा नेम.

गेल्या महिन्यात चिमणी आली नाही. घरी ‘शिवणाला जाते’ सांगून ती ताईंकडे नर्सिंगच्या परीक्षेचा अभ्यास करायची. ताई नेहमीसारख्या तिच्या दारात गेल्या. दार बापाने उघडलं.

“पोरगी बरी आहे ना, दादा? परीक्षा तोंडावर आलीय,” ताई काळजीने बोलून गेल्या.

“कसली परीक्षा?”

ताईंनी घाईने सावरून घेतलं. “शिवणाचीच हो, दुसरी कसली!”

“आम्ही काय दुधखुळे आहोत का, बाई?”

आतून चिमणीच्या खोकल्याचा आवाज येत होता, तोही थांबला. दुसऱ्याच दिवशी तिला काकाकडे धाडलं, आणि आता तिचं लग्न ठरलंय.

ताई अजून शिकवतात, पण कुणाच्या दारात जात नाहीत. आज घसा दुखतो म्हणून माझी लेक घरीच राहिली. मी कितीदा खिडकीशी गेले, पण चौकशीला कुणी आलं नाही.