नैवेद्याची आमटी

नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो. आम्ही आचारी वासावरून मीठ ओळखतो. मीही मोठ्या गवयासारखे डोळे मिटून पातेल्यावर वाकतो आणि घरच्या बायका कौतुकाने बघत राहतात. आजही वाकलो, पण काहीच कळेना. जन्मभर जाळापुढे उभं राहून माझं सगळ्यात आधी नाकच म्हातारं झालंय.

"झालं का नाटक?" शेजारी पोळ्या लाटणारी बायको कुजबुजली. "मीठ घातलंत ना?"

"आठवत नाही गं."

तोवर देवाचं पान वाढून गेलं, घंटा वाजली. आता चाखायला हरकत नव्हती. आमटी सपशेल अळणी! घाईघाईने मीठ घालून ढवळलं. पंगत बसली, लोकांनी भुरके मारत वाहवा केली. देवाने मात्र ती तशीच मुकाट्याने गिळली होती. इतक्या वर्षांत त्याने मला असं कितीदा सांभाळून घेतलं असेल, देव जाणे.