अँप्लिफायर तापायचा तेव्हा

मायला कमी ऐकू यायला लागलं तेव्हा मी स्वतः जोडलेला जुना अँप्लिफायर माळ्यावरून खाली काढला. कानाचं मशीन तिनं केव्हाच डब्यात टाकून दिलं होतं. त्यात म्हणे माणसांपेक्षा भांडीच जास्त वाजतात. दुपारी ती तुरी निवडायला बसली की मी गाणी लावायचो. आवाज इतका, की शेजारचे फुकटात गाणी ऐकत आणि वर तक्रारही करत.

पण आमच्या पिंपळगाव राजा गावचा वैशाख आणि अँप्लिफायरच्या डब्यातला, उष्णता बाहेर टाकायला बसवलेला अ‍ॅल्युमिनियमचा बोटभर तुकडा, दोघांचं काही जमेना. आवाज वाढवणारी आतली चिप, म्हणजे आयसी, तापली की अँप्लिफायर आपोआप गप्प व्हायचा, आणि निवली की पुन्हा गायला लागायचा. मला त्याचा नुसता वैताग. एकदा तो असाच मध्ये बंद पडला. मी चिडून उठलो, तर मायची मान डोलतच होती. सुपावर बोटांचा ठेकाही चालू. मग तिनं हळूच माझ्याकडे चोरून पाहिलं. तिला वाटलं होतं, गाणं चालूच आहे आणि आपलेच कान गेले. मला ते कळू नये म्हणून हे सगळं चाललं होतं.

खामगावच्या भंगारवाल्याकडून मी उष्णता ओढून घेणारा, कंगव्यासारख्या पात्यांचा जाडजूड हीटसिंक आणला. डबा मागून कापला, भोकं पाडली, पांढरी पेस्ट लावून आयसी त्यावर घट्ट कसली. पात्यांत करंट उतरू नये म्हणून मध्ये अभ्रकाचा तुकडा घातला. पात्या डब्याबाहेर ठेवल्या, त्यांना हवा लागावी म्हणून. त्या दुपारी गाणं एकदाही अडलं नाही आणि मी स्वतःवर भलताच खूश झालो.

पुढे महिनाभरानं मी शेतातून लवकर घरी आलो. गाणं गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येत होतं. माय अँप्लिफायरला अगदी खेटून बसली होती, तळहात मागच्या पात्यांवर. मला पाहूनही तिनं हात काढला नाही.

"गरम लागून राह्यलं म्हंजे गानं चालू आहे," ती म्हणाली. "आहे ना बाबू?"

"हाव माय, चालू आहे," मी म्हणालो. तिला ते ऐकू गेलं नाही. ती तशीच माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग मी तिच्याजवळ बसलो, तिचा दुसरा हात माझ्या हातात घेतला आणि गाणं संपेपर्यंत त्यावर ठेका देत राहिलो.